गाडीपाशी बसलेला माणूस

धानोरा, ता. नंदुरबार
२ नोव्हेंबर २०२५

हेमराज,

वर 'चिरंजीव' लिहावं की नुसतं नाव, यातच माझी अर्धी सकाळ गेली. शेवटी नुसतं नाव लिहिलं. तीन वर्षं तू माझा फोन घेत नाहीस, मेसेज केला तर तो तुझ्यापर्यंत पोचत नाही. म्हणून कागदावर लिहितो आहे. तुझी बायको सीमा या पानाचा फोटो काढून तिच्या फोनवरून तुला धाडेल. तुझी वहिनी लिहा लिहा म्हणून मागे लागली, नाहीतर मी काही लिहिणाऱ्यातला नव्हे, हे तुला माहीत आहे.

काल सीमा चुलीपाशी बसून तुझ्या वहिनीला तुझा आवाज ऐकवत होती. मी ओट्यावर होतो. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. तू सांगत होतास की लिथुआनियाने बेलारूसच्या बाजूचं दार लावून टाकलं आणि तुमच्या कंपनीच्या गाड्या पलीकडे बेलारूसमध्येच अडकल्या. तारेच्या कुंपणातल्या एका मैदानात शेकड्यांनी ट्रक उभे केले आहेत, गेटवर बंदुका आहेत, आणि उझबेकिस्तानातले दोन ड्रायव्हर चाव्या टाकून निघूनही गेले. मग मला निरोप म्हणून तू म्हणालास, "आप्पाले सांगा, मरी जासू पन गाडी सोडाव नही."

ते ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तीन वर्षांपूर्वी चरणमाळ घाटात ब्रेक गेले तेव्हा तू उडी टाकून पळालास. लोकांनी मिरचीची पोती लांबवली, आणि मिरची वाळवायच्या पथारीवर पन्नास माणसांसमोर मी तुझ्या थोबाडीत दिली. तेव्हा जे तोंडातून गेलं ते गेलं. पण भरलेली गाडी ड्रायव्हर सोडत नसतो. एक्सल तुटला तेव्हा मी कोंडाईबारी घाटात अकरा दिवस गाडीपाशी बसलो होतो, तुला ते लहानपणापासून पाठ आहे. यावेळी तू भावाचं नाव राखलंस.

थंडीचे कपडे आहेत का? मेंढीच्या लोकरीचं काही मिळत असेल तर घे. पथारीवर लाल मिरची यायला लागली आहे, शिंकून शिंकून जीव जातो.

लोटन


धानोरा
९ नोव्हेंबर २०२५

हेमराज,

पत्र पोचल्याच्या दोन निळ्या रेघा आल्या, असं सीमाने वहिनीकडून कळवलं. उत्तर आलं नाही. नको देऊस, मी मागितलं नाही.

काल शाळेत गेलो होतो, या वयात. जगदीश मास्तरांना म्हटलं, मला तो देश दाखवा. त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं तर देश बोटाखाली गेला. अडीच खानदेश बसतील, बस, एवढाच. त्याच्या पाठीशी अमेरिका आणि तिची सगळी मंडळी, समोर बेलारूस, आणि बेलारूसच्या पाठीशी रशिया. मास्तर म्हणाले, मोठे दोघे समोरासमोर येत नाहीत लोटनआप्पा, त्यांना आपापल्या अंगणाची काळजी असते. ते शेजाऱ्यांच्या अंगणात भांडतात.

दार कशावरून लावलं, तेही त्यांनी सांगितलं. बेलारूसकडून फुगे येतात, सिगारेटी बांधलेले. ते आले की तिकडचा विमानतळ बंद ठेवावा लागतो. मला हसू आलं. फुग्यांपायी कोणी देशाचं दार लावतं का? मास्तर हसले नाहीत. म्हणाले, आज फुग्याला सिगारेट बांधली आहे, उद्या काय बांधतील हे त्या लहान देशाला ठाऊक नाही. मोठ्याचा मित्र झालं की हेच होतं. मोठा मदतीला येईल खरा, पण तोपर्यंत मार आपण खायचा असतो.

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, असं आपण पाठ केलं होतं. त्या पुस्तकवाल्याला तुझ्या मैदानात नेऊन बसवलं पाहिजे.

निघताना मास्तरांनी आणखी एक दाखवलं. तुमच्या बाजूलाच जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. मोठ्यांची लढाई लागलीच तर तिथून लागेल, असं तिकडचे लोक वर्षानुवर्षं बोलतात म्हणे. मी विचारलं, ट्रकचं मैदान तिथून किती लांब? ते म्हणाले, नकाशावर एक नख.

घरी आल्यावर तुझ्या वहिनीला यातलं काही सांगितलं नाही. तूही सीमाला सांगू नकोस. म्हणजे ती हे वाचणारच आहे. सीमा, तू घाबरू नकोस, मास्तरांना बोलायची सवय आहे.

लोटन


धानोरा
१८ नोव्हेंबर २०२५

हेमराज,

आठवडा झाला, तुझा आवाज नाही. वहिनीला विचारायला लावलं तर सीमा म्हणाली, फोनची बॅटरी वाचवायला ते बोलत नाहीत, नुसतं वाचतात. निळ्या रेघा येतात. मी त्या रेघांवर जगतो आहे.

सीमाला मी थेट विचारत नाही, हे तुला सांगायला नको. मी तिचा जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ. लग्न होऊन अकरा वर्षं झाली, पण मी ओट्यावर आलो की ती डोक्यावर पदर ओढून आत जाते. मला काही सांगायचं असेल तर तुझ्या वहिनीला सांगते, वहिनी मला सांगते. एका घरात राहून आमचं बोलणं असं तिसऱ्या माणसामार्फत चालतं. आजवर मला ते बरं वाटायचं, घराला शिस्त आहे असं वाटायचं. या आठवड्यात मात्र वाटलं, तिच्यासमोर बसावं आणि विचारावं, पोरी, खरं सांग, तो जिवंत आहे ना? बसलो नाही. रीत मोडली असती.

पथारीवर माझं लक्ष नाही. परवा मी ओल्या मिरचीच्या ढिगावर सुकी ओतायला लावली, बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी मुकादम, मला कोण बोलणार? एक मोटारसायकल फुटक्या सायलेन्सरची गेली तर मी खाली बसलो. धानोऱ्याच्या रस्त्यावर, भर दुपारी. मोबाईलवर रोज काहीतरी येतं. अमुक देशावरून ड्रोन गेलं, तमुक देशाने रणगाडे हलवले. मास्तर सांगतात, यातलं निम्मं खोटं असतं. कुठलं निम्मं, ते नाही सांगत.

हेमराज, मला एकच विचारायचं आहे. बाकीचे ड्रायव्हर चाव्या टाकून गेले, तू थांबलास, तो कोणासाठी थांबलास? कंपनीसाठी असेल तर ठीक. पण पथारीवर मी जे बोललो होतो, 'गाडी सोडी पळना तो मन्हा भाऊ नही', त्यासाठी थांबला असशील तर ते वाक्य मी माघारी घेतो. असं लिहून माघारी घेता येतं का, कोण जाणे.

लोटन


धानोरा
२७ नोव्हेंबर २०२५

हेमराज,

गेल्या आठवड्यात बातमी आली, लिथुआनियाने दार उघडलं. मी पथारीवर सगळ्यांना चहा पाजला. दोन दिवसांनी मास्तर आले ते पडलेल्या चेहऱ्याने. दार उघडलं, पण आता पलीकडचे गाड्या सोडत नाहीत. आधी यांनी कडी लावली, आता त्यांनी लावली. गाड्या धरून ठेवल्या की लहान देश नमेल, तो नमला की त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या मोठ्याचं नाक खाली होईल, असा हिशोब. या सगळ्यात ट्रकमध्ये एक माणूसही बसला आहे, हे कोणाच्या गावीही नाही.

तिकडे आता बर्फ पडत असेल. डिझेल संपल्यावर केबिन कशाने गरम ठेवतोस? कालपासून मला एकच दिसतं आहे, काचा आतून गोठलेल्या आणि तू स्टेअरिंगवर डोकं ठेवून बसलेला. ते डोकं हलत नाही.

आता मी मोठा भाऊ म्हणून सांगतो. चावी टाक. पासपोर्ट खिशात घाल आणि चालू लाग, विमानतळावर जा, वकिलातीत जा, कुठेही जा. कंपनीने परवाना रद्द केला तर करू दे. मी तुला एक शब्द बोलणार नाही. गावात कोणी बोललं तर त्याला मी बघून घेईन. हा माझा हुकूम समज. गाडी सोड आणि घरी ये.

लोटन


धानोरा
६ डिसेंबर २०२५

हेमराज,

नऊ दिवस झाले. निळ्या रेघा आल्या, तू आला नाहीस, काही कळवलं नाहीस. सीमाने वहिनीजवळ एवढंच सांगितलं, "त्या म्हंतस, आप्पा आते म्हंतस, घर उनू की बोलतीनच."

म्हणजे घरी आलास की मी बोलणारच असं तुला वाटतं, माझ्या शब्दावर तुझा विश्वास नाही. तुझं बरोबर आहे. ज्याने अकरा दिवस गाडी सोडली नाही तो माणूस 'सोड' म्हणतो, तेव्हा तो परीक्षा बघतो आहे असंच वाटणार. म्हणून आज मी तुला ते सांगतो, जे सत्तावीस वर्षांत मी तुझ्या वहिनीलाही सांगितलेलं नाही. सीमाने वाचलं तर वाचू दे.

मी अकरा दिवस बसलो नव्हतो.

एक्सल तुटला ते खरं. पाऊस होता, तेही खरं. दोन दिवस मी आणि माझा क्लीनर दिवाल्या ताडपत्रीखाली बसलो. तिसऱ्या दिवशी एक म्हातारा गुराखी सांगून गेला की मागच्याच आठवड्यात वळणावर एका ड्रायव्हरला मारून टाकलं. खरं होतं की नाही, मी विचारलंही नाही. दिवाल्याला म्हटलं, मेकॅनिक घेऊन येतो. खाली उतरलो, खांडबाऱ्याला गाडीत बसलो आणि घरी येऊन आजारी आहे म्हणून पडून राहिलो. मेकॅनिक एका दिवसात मिळाला असता. मी दहाव्या दिवशी परत गेलो. तेव्हा तू सात वर्षांचा होतास, माझ्या उशाशी बसून गोधडी सारखी करत होतास. तुला वाटलं मला ताप आहे. तुझी वहिनी तेव्हा या घरात आली नव्हती. तुला आम्ही सांगितलं होतं की हे मालकाला कळू द्यायचं नाही. तू ते इतकं मनावर घेतलंस की मोठा झाल्यावर तुला खरंच ते आठवेना, तूही अकरा दिवसच सांगायला लागलास.

गाडीपाशी दिवाल्या बसला होता. वीस-बावीस वर्षांचा कोकणी आदिवासी पोरगा, एकटा, मूठभर तांदूळ आणि नदीचं पाणी. माल जागचा हलला नाही. अकराव्या दिवशी मालक जीप घेऊन आले, तर मी एक दिवस आधी पोचून गाडीपाशी उभा. मालकांनी विचारलं, सगळे दिवस इथेच होता? मी काही बोलायच्या आधी दिवाल्याच म्हणाला, "होय शेठ, डायवर इथंच होते." मला वाचवायला म्हणाला. नंदुरबारला बाजार समितीत माझा सत्कार झाला, शाल दिली, नारळ दिला. दिवाल्या मागे उभा राहून टाळ्या वाजवत होता.

मी पळालो होतो, हेमराज. तूही पळालास, पण तुझे तर ब्रेक गेले होते. माझ्या गाडीचा नुसता एक्सल तुटला होता, ती जागेवर उभी होती. पथारीवर मी तुला मारलं ते मलाच मारायचं होतं, असं म्हणणार नाही, एवढा मी शहाणा नाही. मला तेव्हा खरोखर तुझा राग आला होता. माणूस स्वतःचं खोटं सत्तावीस वर्षं सांगत राहिला की त्याला ते खरं वाटू लागतं आणि मग तो दुसऱ्याला त्याच्यावर तोलतो.

भीती वाटणं हा गुन्हा नाही. मला आता इतकी वाटते आहे की अक्षर नीट येत नाही. खाली सही करतो. हे पान हवं तर गावाला दाखव.

लोटन


धानोरा
१४ डिसेंबर २०२५

हेमराज,

हे पान सीमा फोटो काढून पाठवणार नाही. ती उद्या सकाळच्या गाडीने स्वतः घेऊन येते आहे. मला आता सगळं माहीत आहे, हे वाचून उठून जाऊ नकोस. पुढचं वाच.

मागचं पत्र मी नेहमीसारखं ओट्यावर पाटाखाली ठेवलं आणि पथारीवर गेलो. संध्याकाळी परत आलो तर सीमा ओट्यावरच बसलेली. मला बघून ती आत गेली नाही. डोक्यावर पदर होता, पण तोंड माझ्याकडे होतं. वहिनी दाणे निवडत होती, तिचे हात थांबले. सीमा माझ्याशी बोलली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"आप्पा, त्या गाडीमा नहीत. मांगला महिनानी बारा तारीखलेच गाडी सोडी दिन्ही त्यासनी. सुरतले शेतस. तुमना धाकघाई घर येत नहीत."

मी खाली बसलो. आधी तू जिवंत आहेस एवढंच कळलं, आणि मी लहान पोरासारखा रडलो, लपवत नाही. नंतर हळूहळू बाकीचं डोक्यात शिरलं. माझं पहिलं पत्र तुला त्या मैदानात मिळालं. तीन वर्षांनी माझ्याकडून चांगला शब्द आला होता, 'भावाचं नाव राखलंस'. त्या शब्दाने तू दहा दिवस जास्त थांबलास. थंडीत, बंदुकीसमोर. सीमा म्हणाली, तुझ्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत. मग तू निघालास, विमान बदलत बदलत मुंबईला उतरलास, तिथून सुरतला. सुरतेहून नंदुरबार किती लांब? सकाळी निघालं तर जेवायला घरी. पण तू एक महिना सुरतेतच उधन्याला एका खोलीत राहिलास, टेम्पो चालवलास, आणि माझी पत्रं तिथे बसून वाचलीस. मी रोज तुला बर्फात मेलेला बघत होतो, तेव्हा तू दोन-तीन तासांवर होतास. लढाईच्या तोंडातून तू बाहेर पडलास, पण माझ्या धाकाने तुझे पाय घरच्या ओट्याकडे वळले नाहीत.

मी सीमाला विचारलं, मला सांगितलं का नाहीस? थेट विचारलं, वहिनीमार्फत नाही. ती म्हणाली की तू शपथ घातली होतीस, आणि माझ्याशी बोलायची तर रीतच नव्हती. रोज तुझा फोन घ्यायचा, माझ्या पानाचा फोटो काढायचा, तुला खोटं सांगायचं नाही, मला खरं सांगायचं नाही. "तुम्ही दोन्ही भाऊ आपापली जागावर बठेल, अन मधमा मी," एवढंच बोलली. नकाशावर तो बोटाएवढा देश बघून मी हळहळलो होतो. माझ्याच घरात चुलीपाशी तसं कोणी बसलं आहे, हे मला दिसलं नव्हतं.

परवा मी सुरतला येऊन गेलो. सीमाकडून पत्ता घेतला, तिला म्हटलं, त्याला कळवू नकोस. तिने कळवलं नसावं, कारण तू मला बघितलं नाहीस. उधन्याला उतरलो, विचारत विचारत तुझ्या गल्लीत आलो. नाक्यावर टेम्पो लावून तू दोघा-तिघांबरोबर उभा होतास. भजी खात होतास. कोणीतरी काही बोललं आणि तू हसलास, मान मागे टाकून. तुझं असं हसणं मी किती वर्षांत बघितलं नव्हतं. बारीक झालास. केस पिकायला लागले.

मी रस्त्याच्या पलीकडे होतो. हाक तोंडात आली होती. तेवढ्यात मनात आलं, हाक मारली तर हा वळेल, मला बघेल, आणि हातातली भजी खाली ठेवेल. ते हसू त्याच्या तोंडावरून जाताना मला बघवणार नाही. मी तसाच स्टेशनवर परत गेलो. गाडीला वेळ होता. बाकावर बसल्यावर लक्षात आलं, मी पुन्हा पळालो होतो. कोंडाईबारीतून पळालो होतो तसाच, पण तेव्हा मी जिवाला भ्यालो होतो.

आता घरचं सांगतो. कोंडाईबारीचं खरं काय, ते मी पथारीवर सगळ्यांना सांगितलं. काही हसले, काही परत मिरची पसरायला लागले, कोणी संबंध तोडले नाहीत. दिवाल्याकडे पुढच्या आठवड्यात जाणार आहे. तो खांडबाऱ्यापाशी राहतो, तुझ्यासारखाच मला टाळतो की मी त्याला टाळतो, ठाऊक नाही. सीमा आता ओट्यावर येते आणि वहिनीला मध्ये न घालता मला सांगते की चहा गार होतो आहे. पहिल्या दिवशी दोघेही अवघडलो होतो, आता होतं सवयीने.

घर उघडं आहे. पण माझ्या मनात कालपासून एक भीती बसली आहे आणि ती आधीच्या सगळ्या भीतींहून मोठी आहे. तू हे पान वाचशील, आप्पांनी बोलावलं आहे असं समजशील, आणि बॅग भरून निघशील. येशील, माझ्या पाया पडशील, खाली बघून जेवशील. हेमराज, मी बोलावलेलं नाही. हा हुकूम नाही. सीमा दोन दिवस तिथे राहील, तुला राहायचं तर तिला तिथेच ठेवून घे, मी तिचं सामान पाठवून देईन. वर्षभराने यावंसं वाटलं तर वर्षाने ये, कधीच नाही वाटलं तर नको येऊस.

फक्त मला भिऊन येऊ नकोस.

लोटन